तीन पाय आणि अर्ध्या टनाचे ओझे : तिवईचा इतिहास

१/
उघड्या माळावर वा डोंगरमाथ्यावर दुर्बीण रोवून दूरचे अचूक पाहायचे असेल, तर आधार स्थिर हवा. आणि तो आधार तिथवर माणसाला वाहून नेता यायला हवा. या दोन अटींचे एकमेकींशी जन्मजात वैर आहे. जे जड ते हलत नाही, आणि जे हलत नाही ते डोंगर चढत नाही. आज दुकानात वजनाने हलकी पण दणकट ट्रायपॉड निवडणाऱ्याला हाच पेच पडतो. हिंदुस्थानच्या मोजणीत या पेचापायी माणसांचे प्राणही गेले. त्या तिवईचा हा इतिहास.

२/
प्रथम तीनच पाय का, हे पाहू. चार पायांचे टेबल उंचसखल जमिनीवर डुगडुगते. तीन पायांची तिवई डुगडुगत नाही. कोणत्याही तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते, चौथा बिंदू त्या प्रतलात असेलच याची हमी नसते. शेताच्या बांधावर तीन दगडांची चूल मांडणाऱ्या बाईला भूमितीचा हा सिद्धांत अनुभवाने ठाऊक असतो. मोजणीच्या थिओडोलाइट यंत्राच्या बुडाशीही समतल साधणारे स्क्रू तीनच असतात. म्हणजे तीन पायांवर तीन स्क्रू, आणि त्यांवर दुर्बीण.

३/
आता स्थिरता म्हणजे किती, याचा अंदाज घेऊ. एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. तिवईचे पाय परस्परांपासून एक मीटर अंतरावर असतील आणि त्यांतील एकाखालची माती मिलिमीटरच्या अवघ्या २०० व्या हिश्श्याइतकी खचली, तर दुर्बीण सुमारे एका विकलेने झुकते. हे खचणे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. पण १७० किलोमीटरवरच्या शिखराची उंची मोजताना तेवढ्या एका विकलेने ८० सेंटिमीटरांहून अधिक फरक पडतो.

४/
अठराव्या शतकाने या प्रश्नाला दिलेले उत्तर सरळ होते : यंत्र मोठे करा. वर्तुळ जितके मोठे, तितके त्यावरचे अंशांचे भाग बारीक कोरता येतात. लंडनचा कारागीर जेसी रॅम्सडेन याने १७८७ मध्ये विल्यम रॉय यांच्यासाठी तीन फूट व्यासाचे थिओडोलाइट पुरे केले. ग्रीनिच आणि पॅरिस या दोन वेधशाळा त्रिकोणांच्या साखळीने जोडण्याच्या कामात ते वापरले गेले. त्याचे वजन सुमारे २०० पौंड होते. इंग्लंडमध्ये रस्ते होते, गाड्या होत्या; हे ओझे तिथे निभावले.

५/
हिंदुस्थानात आलेले यंत्र त्याहून जड होते. विल्यम लॅम्बटन हा टिपूविरुद्धच्या १७९९ च्या लढाईत श्रीरंगपट्टणला असलेला अधिकारी. दक्षिणेची मोजणी त्रिकोणांच्या पद्धतीने करावी, ही त्याची योजना मंजूर झाली आणि त्याने लंडनच्या विल्यम कॅरीकडून ३६ इंची थिओडोलाइट मागवले. ते आणणारे जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. यंत्र कशासाठी आहे हे कळल्यावर फ्रेंचांनी ते सौजन्याने मद्रासला पाठवून दिले. त्याचे वजन होते सुमारे अर्धा टन.

६/
१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी पायारेषेची मोजणी सुरू झाली. १०० फुटी पोलादी साखळीने साडेसात मैलांची एक रेषा मोजायची, मग तिच्या दोन्ही टोकांवरून तिसऱ्या खुणेचे कोन घ्यायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण, त्यावर त्यापुढचा. साखळीचे काम पायारेषेपुरते. बाकी सारा देश कोनांनी मोजायचा. म्हणून सारा भार दुर्बिणीवर, आणि दुर्बिणीचा भार तिच्या बैठकीवर.

७/
कोन घ्यायला दूरचे दिसायला हवे, आणि दूरचे दिसायला उंची हवी. कावेरीच्या सपाट प्रदेशात डोंगर नाहीत, मंदिरे आहेत. लॅम्बटनने मंदिरांची शिखरेच खुणा म्हणून वापरली. १८०८ मध्ये तंजावरच्या थोरल्या मंदिरावर अर्ध्या टनाचे ते यंत्र दोरखंडांनी चढवले जात असता एक दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि कोन वाचण्याचे मुख्य वर्तुळ वाकले. नवे मागवायचे तर विलायतेहून यायला वर्षे लागणार.

८/
लॅम्बटनने स्वतःला तंबूत कोंडून घेतले. पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून त्याने ते वर्तुळ तसूतसूने पूर्ववत आकारात ओढले. या कामी त्याचे सहा आठवडे गेले. दुरुस्त झालेले हेच यंत्र पुढे अनेक वर्षे दक्षिणेचे कोन मोजत राहिले. पण या प्रसंगाने एक गोष्ट स्पष्ट केली : यंत्राचे वजन त्याला जागेवर बसल्यावर स्थैर्य देते, मात्र जागेवर पोहोचेपर्यंत तेच वजन त्याचा सर्वांत मोठा शत्रू असते.

९/
मोजणी उत्तरेकडे सरकत राहिली. १८१८ मध्ये तिला ‘ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट हा लॅम्बटनचा साहाय्यक म्हणून रुजू झाला. हैदराबादहून नागपूरला जाताना २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन हिंगणघाट येथे मरण पावला. त्याचे वय तेव्हा सत्तरीच्या घरात होते. वर्धा जिल्ह्यातील या गावी त्याची कबर आहे. तिथून पुढची रेषा वऱ्हाडातून वर नेण्याचे काम एव्हरेस्टवर आले.

१०/
एव्हरेस्टची दृष्टी निराळी होती. प्रकृती ढासळल्यामुळे तो इंग्लंडला गेला आणि १८३० मध्ये नवी यंत्रे व हेन्री बॅरो हा यंत्रकारागीर घेऊन परतला. कॅरीच्या जुन्या थिओडोलाइटची बॅरोने पुनर्रचना केली. त्याच्यानंतर ही जबाबदारी आर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन यांच्याकडे आली. विलायती शिक्षण नसलेल्या या कारागिराच्या हाताखाली मोजणीची सर्वांत नाजूक यंत्रे चालती राहिली. एव्हरेस्टने त्यांच्या कौशल्याची मुक्तकंठाने तारीफ केली होती.

११/
गंगेच्या मैदानात तर मंदिरांचीही सोय नव्हती. एव्हरेस्टने तिथे सुमारे ५० फूट उंचीचे पक्के बुरूज बांधवले. त्यांच्या रचनेत एक महत्त्वाची गोष्ट होती. यंत्र ज्यावर बसायचे तो मधला खांब, आणि निरीक्षक ज्यावर उभा राहायचा तो मजला, हे दोन्ही एकमेकांना कुठेही चिकटलेले नव्हते. माणसाने पाय हलवला, वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकले, तरी त्याचा धक्का यंत्राला लागू नये, एवढ्यासाठी ही तजवीज.

१२/
आजही हा नियम तितकाच खरा आहे. लाकडी माचीवर किंवा गच्चीच्या पातळ स्लॅबवर तिवई ठेवून पाहणाऱ्याला चित्र थरथरताना दिसते आणि तो तिवईला दोष देतो. वास्तविक दोष बहुधा जमिनीचा असतो. माणूस आणि यंत्र एकाच लवचीक पृष्ठावर उभे असतील, तर कितीही महाग तिवई उपयोगी पडत नाही.

१३/
हे बुरूज पुढे तराईत गेले. तिथे बुरूज बांधायचे, दृष्टिरेषेत येणारी झाडे तोडायची, ओझी वाहायची, आणि हिवतापाने मरायचे. या भागातील मोजणीने फार माणसे खाल्ली. १८४९-५० मध्ये जेम्स निकोलसन याने याच पट्ट्यातून हिमालयाच्या ‘१५ क्रमांकाच्या शिखरा’चे वेध घेतले. सर्वांत जवळचे ठाणे शिखरापासून १७० किलोमीटरांहून दूर होते. निकोलसनलाही हिवतापाने काम सोडावे लागले.

१४/
त्या वेधांवरून राधानाथ सिकदर आदी गणकांनी आकडेमोड केली आणि १८५६ मध्ये उंची जाहीर झाली : २९,००२ फूट. शिखराला एव्हरेस्टचे नाव मिळाले. २०२० साली नेपाळ आणि चीनने जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. दोहोंत फरक सुमारे नऊ मीटरांचा, तोही मुख्यतः हवेमुळे वाकणाऱ्या प्रकाशाचे गणित तेव्हा अपुरे असल्यामुळे. बैठक पक्की असली की काय साधते, याचे याहून मोठे उदाहरण सापडणे कठीण.

१५/
पण बुरूज पाठीवर घेऊन कोणी काश्मीरला जात नाही. १८५५ पासून थॉमस माँटगोमेरी याच्या हाताखाली काश्मीरची मोजणी सुरू झाली. इथे यंत्र लहान करणे भाग होते. १८५६ मध्ये हरमुख पर्वतावर, १६,००० फुटांच्या आसपासच्या ठाण्यावरून, त्याने काराकोरमची दोन शिखरे हेरली आणि त्यांना के-१, के-२ अशी नावे दिली. के-२ तिथून दोनशे किलोमीटरांहून दूर. यंत्र, त्याची बैठक, तंबू आणि सरपण वर नेणाऱ्या खलाशांची आणि हमालांची नावे मात्र या शोधासोबत कोणी घेत नाही.

१६/
तिवई नेणेच अशक्य असेल तर? या प्रश्नालाही डेहराडूनने उत्तर शोधले. तिबेटात परकीयांना प्रवेश नव्हता. कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातील नैनसिंह रावत यात्रेकरूच्या वेषात १८६६ च्या आरंभी ल्हासाला पोहोचले. तिथे तिवई रोवणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. म्हणून त्यांच्याजवळ हातात धरायचे सेक्स्टंट होते. क्षितिजाऐवजी वाडग्यात ओतलेल्या पाऱ्याचा आरसा होता. तो पारा कवड्यांत भरून नेला होता. पारा आपोआप समतल होतो, त्याला पाय लागत नाहीत. त्यांनी काढलेले ल्हासाचे अक्षांश आजच्या आकड्याच्या अगदी जवळचे आहेत.

१७/
याच काळात तिवईचा दुसरा मोठा गिऱ्हाईक हिमालयात शिरला : छायाचित्रकार. सॅम्युएल बोर्न १८६३ मध्ये सिमल्याहून निघाला तेव्हा त्याच्यासोबत सुमारे ३० हमाल होते. पुढच्या वर्षीच्या काश्मीर-प्रवासात त्याहून अधिक. ओल्या कोलोडियनची पद्धत, म्हणजे काचेची जड तावदाने, रसायनांच्या बाटल्या, काळोख्या तंबूचे सामान आणि भक्कम लाकडी तिवई. १८६६ मध्ये त्याने १८,६०० फुटांच्या मणिरंग खिंडीत छायाचित्रे घेतली. एवढ्या उंचीवरचे छायाचित्र त्यापूर्वी कोणी घेतले नव्हते.

१८/
बोर्नची ती चित्रे आजही थक्क करतात. परंतु त्याने स्वतःच लिहिलेल्या प्रवासवृत्तांत आणखीही काही आहे. ओझी टाकून पळालेल्या हमालांना शोधून त्याने काठीने मारल्याचे तो निःसंकोच नोंदवतो. थंडीत, उघड्या पायांनी, काचेची पेटी पाठीवर घेऊन खिंड चढणाऱ्या माणसाने ओझे का टाकले असेल, हा प्रश्न त्या वृत्तांताला पडत नाही. हलक्या सामानाचा इतिहास लिहिताना कारागिरांचे नाव येते; पण जड सामानाची किंमत कोणी मोजली, तेही त्या इतिहासाचाच भाग आहे.

१९/
प्रत्येक वेळी हलके करणे हाच उपाय नव्हे, याचे उदाहरण कोकणात आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर आला होता. विजयदुर्गावरील ओटे ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून ओळखले जातात. लॉकियरने हेलियमचा शोध इथे लावला, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. त्याने सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडातून, ग्रहणाविनाच पाहिली होती. विजयदुर्गाची भेट त्यानंतर ३० वर्षांनी झाली.

२०/
पण कट्ट्यांचा धडा खरा आहे. खग्रास अवस्था होती सुमारे दोन मिनिटांची. तेवढ्यात यंत्र थरथरले तर पुन्हा संधी नाही. यंत्रे गलबतातून किनाऱ्याला येऊ शकत होती, डोंगर चढायचा नव्हता. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगामवाला यांनी जेऊर येथे तळ ठोकला होता. तिथे रेल्वे होती. वाहतुकीची सोय असेल तिथे जडपणा हा दोष राहत नाही.

२१/
डोंगरावरचा प्रश्न शेवटी सोडवला तो यंत्राच्या आतून. स्विस मोजणीदार हाइनरिश विल्ट १९०२ मध्ये दाँ द्यु मिदी या पर्वतावर होता. वादळ येत होते आणि जुन्या यंत्राची जुळवाजुळव इतका वेळ घेत होती की काम टाकून उतरावे लागले, असे सांगितले जाते. पुढे त्याने धातूच्या मोठ्या वर्तुळाऐवजी काचेचे लहान वर्तुळ आणि ते वाचणारे सूक्ष्मदर्शक वापरून टी-२ हे थिओडोलाइट घडवले. वजन काही किलो. अर्ध्या टनाच्या यंत्राचे काम आता एका माणसाच्या पाठीवर मावू लागले.

२२/
यंत्र हलके झाले, तशी तिवईची कसोटी वाढली. जड यंत्र आपल्याच भाराने बैठक दाबून धरते. हलक्या यंत्राला वारा हलवतो. १९२१ च्या पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेत ऑलिव्हर व्हीलर कॅमेरा आणि लहान थिओडोलाइट घेऊन काही मोजक्या हमालांसह कड्याकपारींत हिंडला. ढग हटण्याची वाट पाहत तो दिवसचे दिवस वाऱ्यात बसून राही. उत्तर खिंडीकडे नेणारी पूर्व रोंगबुक हिमनदीची वाट त्याच्याच मोजणीतून उलगडली. पुढे तो भारताचा सर्व्हेअर जनरल झाला.

२३/
मोजणीदारांनी लाकूड सोडले नाही, यालाही कारण आहे. उन्हात एक पाय दहा अंशांनी तापला, तर एक मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पाय सुमारे पाव मिलिमीटर वाढतो. लाकूड तंतूच्या दिशेने त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकेच वाढते, शिवाय कंप लवकर जिरवते. म्हणूनच यंत्रावर छत्री धरण्याची रीत पडली. उणीव एवढीच की लाकूड पावसात फुगते आणि वजनालाही हलके नसते. ॲश वृक्षाचे लाकूड आणि पितळी जोड, हे मिश्रण दीर्घकाळ टिकले.

२४/
ॲल्युमिनियम १८८६ मध्ये विजेने काढण्याची रीत सापडल्यावर स्वस्त झाले आणि विसाव्या शतकात छायाचित्रकारांच्या तिवया नळ्यांच्या झाल्या. १९६० च्या दशकात इंग्लंडमधील फार्नबरो येथे बळकट कार्बन तंतू विकसित झाले, ते मुख्यतः विमानांसाठी. १९९४ मध्ये गिट्झो या फ्रेंच नाममुद्रेने कार्बन तंतूची तिवई बाजारात आणली. हे द्रव्य हलके, ताठ, उन्हाने जवळजवळ न वाढणारे आणि थंडीत हाताला न चटकणारे. मात्र ते महाग आहे, आणि दगडावर आपटले तर वाकण्याऐवजी तडकते.

२५/
या इतिहासातून निवडीच्या कसोट्या आपोआप निघतात. पहिली, शेवटच्या नळीची जाडी पाहावी. भरीव दांड्याचा व्यास निम्मा झाला की त्याचा ताठपणा सोळाव्या हिश्श्यावर येतो. पोकळ नळीतही घट मोठीच असते. पाय पाच तुकड्यांत दुमडणारा असेल तर पिशवीत छान मावतो, पण खालची नळी काडीसारखी होते. तीन तुकड्यांची तिवई लांब दिसते, परंतु वाऱ्यात ती टिकते.

२६/
दुसरी, मधला खांब न उचलता डोळ्यापर्यंत येणारी उंची घ्यावी. खांब वर काढला की तीन पायांवर एकपायी काठी उभी राहते आणि तीन बिंदूंचे सारे पुण्य वाया जाते. तिसरी, पाय रुंद फाकवता यावेत आणि टोकाला अणी लावता यावी. अणी मातीत, रबर खडकावर. चौथी, मध्यभागी आकडा असावा. पाण्याची पिशवी किंवा दगडांची झोळी तिथे टांगली की वजन डोंगरावरच मिळते, वाहून न्यावे लागत नाही. झोळी मात्र जमिनीला टेकलेली असावी. लोंबकळती झोळी वाऱ्याने तिवईलाच झुलवते.

२७/
पाचवी कसोटी टिकाऊपणाची. तिवई मोडते ती नळीत नव्हे, सांध्यांत. भिगवणच्या चिखलात रोहित पक्षी पाहणाऱ्याने किंवा कोकणच्या पुळणीवर उभे राहणाऱ्याने सांधे उघडून धुता येतात का, सुटे भाग मिळतात का, हे आधी विचारावे. मीर मोहसीन यांनी सांभाळलेली यंत्रे दशकानुदशके चालली, कारण ती उघडता, घासता आणि पुन्हा जोडता येत होती. जे दुरुस्त होत नाही, ते कितीही मजबूत असले तरी टिकाऊ म्हणता येत नाही.

२८/
आणि सर्वांत आधीचा प्रश्न : ही तिवई कोण वाहणार? लॅम्बटनला तो विचारावा लागला नाही, बोर्नने विचारला नाही. आज बहुधा पाहणारा आणि वाहणारा एकच असतो. म्हणून गाडीतून उतरून पाणथळीकाठी उभे राहायचे असेल तर जड, लाकडी किंवा ॲल्युमिनियमची तिवई निर्धास्त घ्यावी. पैसा वाचतो आणि चित्र स्थिर राहते. चार तास चढून रायगडाच्या किंवा हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर जायचे असेल तर कार्बन तंतूवर खर्च करावा. घरी ठेवून आलेली तिवई कोणतीही असो, तिच्यावरून काहीच दिसत नाही.